गुरुवारची माती

९ फेब्रुवारी, रविवार
आमच्या घरामागे, पपईखाली

बिरागो,

सुटलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू दातओठ न खाता वाचशील.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून वहीची पानं फाडून लिहितोय. कागदाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच. नेदरलँड्सचा पत्ता तुझ्या आईने दिला नाही. तू पाठवलेल्या खोक्यात ती आता कांदे ठेवते, त्या खोक्यावरून मी तो उतरवून घेतला.

झालं असं. ताडी काढणारा ओपोंग आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, एका अंत्यविधीला आपलीच ताडी इतकी प्याला, की त्याला थेट ऑगस्टमधलं आठवायला लागलं. भर मंडपात म्हणाला, "आफ्राकोमाची पोरगी बिरागो विमानाला निघाली ना, त्या गुरुवारी पहाटे मी झाडावर होतो. खाली आफ्राकोमाच्या शेतात एक जण खणत होता. उंच. डोक्यावर लाल टोपी."

गावात लाल टोपी एकट्या माझ्याकडे आहे. म्हणजे मीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मग या गुरुवारी बेदियाको मामांनी मला अंगणात बोलावलं. गुरुवारी शेतात कुणी लोखंड लावत नाही, त्यामुळे तमाशा बघायला गावाला वेळच वेळ. तुझे मामा म्हणजे तुमच्या कुळाचे वडीलधारे, त्यांच्यासमोर बसलं की मला उगाच चप्पल उलटी घातल्यासारखं वाटतं. त्यांनी आपलं ठरलेलं भाषण केलं. "आसासे-या, आपली भूमी, गुरुवारी जन्मली. तिला देऊळ नाही, पुजारी नाही. ती कुणाच्या अंगात येत नाही, नवस घेत नाही. जगलो तर खायला घालते, मेलो तर पोटात घेते. एवढ्या बदल्यात ती काय मागते? आठवड्यातला एक दिवस माझ्या पाठीत लोखंड खुपसू नका, म्हणते. आपल्या आईला कुणी एवढंही देणार नाही?"

मी म्हटलं, "मामा, मी माती काढली ती बुधवारी. बिरागोला तिच्या अभ्यासाला आईच्या शेतातली माती हवी होती, तिनेच सांगितलं होतं. विचारा तिला."

तुझी आई कोपऱ्यातून म्हणाली, "विचारलं फोनवर. ती म्हणते, त्यालाच विचारा."

मामांनी पायाजवळची चिमूटभर माती उचलून माझ्यापुढे धरली. "मग जीभ लाव आणि बोल."

तुला माहीत आहे, मातीला जीभ लावून खोटं बोललेला माणूस आपल्याकडे वर्ष काढत नाही म्हणतात. मला भीती वाटली असं नाही. पण मी म्हटलं, "मामा, मी दोन वर्षं मातीच शिकलोय. या अंगणात कोंबड्या फिरतात, शेळ्या फिरतात. मी ही चाटली तर शापाने नाही, हगवणीने मरेन." लोक हसले. ओपोंग तर खांबाला धरून हसला. मामा हसले नाहीत. त्यांनी माती परत जागच्या जागी ठेवली, जशी उचलली होती तशी, हळूच.

निकाल असा: ज्याने खणलं तो उभा राहून कबूल होत नाही आणि भूमीला मेंढी देत नाही, तोवर आफ्राकोमाच्या शेतात कुणी कोयतासुद्धा टेकवायचा नाही. म्हणजे माझ्यावर काहीच आलं नाही. पुरावा नाही. म्हणून म्हटलं, सुटलो.

निघताना तुझी आई माझ्याजवळून गेली. म्हणाली, "डोम्फे, पाऊस महिन्यावर आलाय." बस, एवढंच.

आता तू. सप्टेंबरात तू मला तीनदा विचारलंस, माती कधी काढलीस. मी तीनदा सांगितलं, बुधवारी. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तू दारच लावून घेतलंस. एका वारावरून कुणी माणूस तोडतं का? आणि वार मोडणारा मी? गुरुवारी प्रॅक्टिकलला शेतात खणायला चला म्हणणाऱ्या सरांच्या पायाशी माती काढायचं गिरमिट फेकून कॉलेज सोडणारा मीच ना? "माती म्हणजे वाळू, गाळ, चिकणमाती आणि हवा. ती ना बाई ना बाप्या," असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तेव्हा मी उठून "सर, तुम्हालाही शेवटी तिच्यातच जायचंय" म्हणालो होतो. तेव्हा तू पाठीमागच्या बाकावर तोंड दाबून हसत होतीस. ते हसू मी अजून जपून ठेवलंय.

दार उघड. मी बाहेरच उभा आहे.

याव डोम्फे


२५ फेब्रुवारी, मंगळवार
ट्रोट्रो गाडीच्या थांब्यावर

बिरागो,

पहिलं पत्र पोचलं असेल. उत्तर नाही. असू दे.

सगळ्यांची शेतं तयार आहेत. पालापाचोळा जाळून झाला, काळी राख दिसते, मक्याचं बियाणं घराघरात टांगलंय. मधोमध तुझ्या आईचं शेत तेवढं हिरवं, गुडघाभर गवताचं. आजारी माणसाची दाढी वाढावी तसं. ती रोज सकाळी जाते आणि बांधावर बसते. कोयता घरीच ठेवते. मी काल विचारलं, "मावशी, काहीच करायचं नाही तर जाता कशाला?"

"सोबत नको का तिला," म्हणाली. "ती एकटी पडलीय."

ती म्हणजे जमीन. मला आधी वाटलं तुझ्याबद्दल बोलतेय.

मी केळ्यांचा घड नेला होता. तिने घेतला आणि मला बसवून फुफू वाढला, ताडफळाच्या रश्शासकट. मी नको म्हणत होतो. "जेव," म्हणाली. "उपाशी माणूस जास्त खोटं बोलतो."

बिरागो, मी सगळं ताट संपवलं. म्हणून हे लिहितो, आणि हे फक्त तुझ्यासाठी. मामांसाठी नाही.

मी गुरुवारी खणलं. पहाटे, तांबडं फुटता फुटता. बुधवारी मी कुमासीला गेलो होतो, तुझ्यासाठी जुन्या कपड्यांच्या बाजारातून स्वेटर आणायला. तो राखाडी, ज्याच्या बाह्या लांब होत्या. येताना ट्रोट्रोवाल्याशी भांडण झालं. तू मला ओळखतेस. त्याने कॉलर धरली, मी टोपी काढून ठेवली, आणि पोलीस चौकीत संध्याकाळ गेली. गावात पोचलो तेव्हा अंधार. सकाळी आठला तुझी गाडी. मग काय करणार होतो?

तर हे असं आहे. लिहिल्यावर बरं वाटलं. छातीवरचा दगड अर्धा तरी हलला. उरलेला अर्धा तिथेच आहे आणि का आहे ते मला माहीत नाही.

दुसरी बातमी. तुझ्या प्राध्यापक लीसबेथबाई १० मार्चला मातीचे नमुने घ्यायला येणार, आणि मामांनी दुभाष्या म्हणून मला नेमलंय. माझ्यावर जीव आहे म्हणून नाही. गावात धड इंग्रजी येणारे दोघंच. दुसरा ओपोंग, आणि त्याला ते ताडी चढल्यावरच येतं.

या बाई तुझ्याबद्दल काही सांगतील या आशेवर मी दोन शर्ट धुवून ठेवलेत.

डोम्फे


१४ मार्च, शुक्रवार
तुमच्या ओसरीवर, तुझ्या आईसमोर

बिरागो,

हे पत्र तुझी आई समोर बसली असताना लिहितोय. तिला वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं, म्हणून गाळत काही नाही.

सोमवारी लीसबेथबाई आल्या. उन्हाने नाक लाल, हातात यादी. सोमवारी पाहणी, मंगळवार बुधवार गुरुवार खड्डे, शुक्रवारी पाकिटं बंद. मी म्हटलं, गुरुवार खोडा. म्हणाल्या, "बिरागो बोलली होती, पण मला वाटलं ती थट्टा करतेय. माझ्याकडे दिवस मोजके आहेत." मी म्हटलं, हे मामांना तुम्हीच सांगा, मी नुसतं तुमचं बोलणं पलीकडे पोचवतो. दुभाष्या असण्यात हीच एक मजा आहे.

त्यांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यावर पृथ्वीचं चित्र, बाईचा चेहरा काढलेला, आणि खाली ओळ. मामांनी विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं, 'धरती आपली आई आहे.'

मामा खूश. "म्हणजे ही गोरी ओब्रोनी आपल्यातलीच निघाली. विचार तिला, तुमच्याकडे आईचा वार कुठला?"

बाई म्हणाल्या, "वार असा नाही. आमच्याकडे जमिनीत रोज काम चालतं. पूर्वी रविवारी थांबायचे, पण तो देवासाठी. वरच्या पित्यासाठी."

मी ते मामांना सांगितलं. मामांनी मान डोलावली. "म्हणजे बाप विसावा घेतो आणि आई राबते. हे घर आमच्या ओळखीचं आहे."

तुझी आई पदरात तोंड घालून हसली. मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी ती पिशवी उलटी केली, चित्र मांडीकडे, आणि म्हणाल्या, "खरं सांगू का? ही बाजारातली पिशवी आहे. माझ्या माणसांनी जमिनीला कधी आई म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझ्या पणजोबांच्या वेळी जिथे समुद्र होता, तिथे आज आमचं शेत आहे. बांध घातले, वर्षानुवर्षं पाणी उपसलं, तेव्हा जमीन वर आली. आम्हीच तिला पाण्यातून बाहेर ओढली. मग ती आई कशी? ती आमची लेक. आणि लेक समुद्रापेक्षा खाली झोपते. म्हणून कुणीतरी सतत पंपाजवळ जागं राहतं. माझ्या आजोबांचं आयुष्य त्यात गेलं."

मग तुझ्या आईने विचारलं, "तिला एक दिवस निजू दिलं तर?"

"बुडेल."

तुझ्या आईने पायाखालच्या मातीवर तळहात टेकला. मग म्हणाली, "बिचारी. आमची निजते म्हणून आम्ही जगतो. यांची निजली तर हे मरतात. सांग तिला, तिने तिच्या लेकीला जागवावं, आम्ही आमच्या आईला निजवतो. दोन्ही एकाच मायेने होतं."

मी ते पलीकडे पोचवलं. बाईंनी यादी काढली आणि गुरुवारवर काट मारली. पेन दोनदा फिरवलं.

तर असा गुरुवार मोकळा राहिला, म्हणजे काल, आणि मोकळा राहिला म्हणून बाई मामांच्या बैठकीला येऊन बसल्या. बैठक तुझ्या आईच्या शेताचीच होती. पाऊस आठ दिवसांवर आलाय, सगळे पेरणीच्या बेतात. तुझ्या आईने मामांना एवढंच विचारलं, "दादा, यंदा माझी जमीन पडीक राहणार का?" मामा म्हणाले, "कबूल होणारा उभा राहीपर्यंत माझ्या हातात काही नाही." माझ्याकडे कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, उठून गेलो असतो, जसा नेहमी जातो.

तेवढ्यात बाईंना काहीतरी आठवलं. त्यांनी त्या पिशवीतून एक जाड कागदाचं पाकीट काढलं. बंद. मला म्हणाल्या, "हे बिरागोने परत पाठवलंय. म्हणाली, ही माती मी उघडलेली नाही, जिथली तिथे ठेवायला सांगा. कारण विचारलं तर गप्प बसली. या मातीऐवजी नवी मिळेपर्यंत तिने तिचा अर्धा अभ्यास थांबवून ठेवलाय."

माझंच पाकीट, बिरागो. लेबल तुझ्या हातचं. शेत, खोली, पीक, सगळं तू आधीच लिहून दिलेलं होतंस. फक्त तारखेची जागा मोकळी होती, आणि ती माझ्या हाताने भरलेली.

मामांनी हात पुढे केला. पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. त्यांच्या चष्म्याची काच गेल्याच आठवड्यात फुटली. "अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. डोम्फे, वाच."

आता तू बघ. मामांना दिसत नाही. तुझ्या आईला वाचता येत नाही. बाईंना आपली भाषा कळत नाही. त्या अंगणात ते लेबल वाचून सांगू शकणारा माणूस मी एकटा. २९ च्या जागी २८ म्हणायचं, एवढंच. त्यातही कुणी विचारलंच असतं तर मी म्हटलं असतं, ही बघा, तारीखही बुधवारची. कायमचा सुटलो असतो.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पहाटे मी तुला तोंडाने बुधवार सांगितलं, आणि पाकिटावर मात्र खरी तारीख घातली. का? सवयीने. ज्या सरांच्या पायाशी गिरमिट फेकलं त्यांनीच दोन वर्षं घोकून घेतलं होतं, तारीख खोटी तर माती खोटी. हाताने ते पाळलं, तोंडाने नाही. म्हणजे तू ती तारीख विमानातच वाचली असशील. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीनदा विचारलंस ते माहिती हवी म्हणून नाही. मला तीनदा दार उघडून दिलं होतंस, आणि मी तीनदा दारावर डोकं आपटून घेतलं.

मी वाचलं, "शेत, आफ्राकोमा. खोली, एक वीत. तारीख, २९ ऑगस्ट." आणि मामांनी विचारायच्या आधी म्हणालो, "गुरुवार. खणणारा मी."

ओपोंग म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, लाल टोपी?" त्याला दोघांनी खाली बसवलं.

मामा म्हणाले, "बुधवारी काय झालं होतं तुला?"

मी स्वेटर सांगितला, ट्रोट्रो सांगितली, चौकी सांगितली. ते सगळं खरं आहे. तुलाही मी तेवढंच लिहिलं होतं. पण मामा बघतच राहिले, आणि मला कळलं की दगडाचा उरलेला अर्धा भाग कुठला. म्हणून तेही सांगितलं, सगळ्यांसमोर, तुझ्या आईसमोर. कुमासीला मी दुपारी गेलो. बुधवारची सगळी सकाळ मी घरी होतो. कुदळ दारात होती. मी ती उचलून पलंगाखाली सारली. वाटलं, माती नसेल तर कदाचित तू जाणार नाहीस. गाडी चुकेल, विमान चुकेल, माझ्या शेजारी बसून मला शिव्या देशील. पहाटे मला तुझा चेहरा आठवला, पाकिटावर लेबल लिहितानाचा, जीभ दातात धरून. तेव्हा उठलो आणि पळत शेतात गेलो. तोवर गुरुवार उजाडायला आला होता.

बाई मला विचारत होत्या, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, थांबा, आधी मला माझं भाषांतर करू दे.

मामा म्हणाले, "म्हणजे गुरुवारी खणलंस ती चूक, आणि बुधवारी नाही खणलंस ती त्याहून मोठी. पहिली भूमीची. दुसरी माझ्या भाचीची. पहिली मी निस्तरून देतो. दुसरी तुझी तू."

त्यांनी पुन्हा पायाजवळची चिमूटभर माती उचलली. यावेळी मी कोंबड्यांचं नाव काढलं नाही. जीभ लावली. खारट लागते, बिरागो. थोडी राखेसारखी. दोन वर्षं शिकलो पण चव कुणी सांगितली नव्हती.

मग मी बसलोच, खाली, मातीवर. असं हलकं वाटत होतं, जसं ओझं घेऊन डोंगर चढावा आणि वर पोचल्यावर कळावं की ओझं खालीच कुठेतरी गळून पडलंय. तुझी आई उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता मारते. मारायलाच हवं होतं. तिने माझ्या हनुवटीला लागलेली माती बोटाने पुसली.

"मला वाटायचं तू माझ्या लेकीला घालवायला उतावीळ झाला होतास," म्हणाली. "तू तर तिला अडवत होतास. मूर्ख."

आत्ता मी हे लिहितोय आणि ती विचारतेय, एवढं काय लिहितोस. मी म्हटलं, तुम्ही मला मूर्ख म्हणालात तेच. म्हणते, ते दोनदा लिही.

मूर्ख.

डोम्फे


१९ मार्च, बुधवार
तुझ्या आईच्या शेतात, बांधावर

बिरागो,

हे पत्र पोस्टाने नाही, लीसबेथबाईंच्या हाती येईल. त्या उद्या निघतात. तुझ्यासाठी त्या काही दिवस जास्त राहिल्या, त्यांचे आभार मान. तिकीट पुढे ढकलताना फोनवर फार गोड बोलत नव्हत्या.

मेंढी माझ्या आईने दिली. स्वतःची. देताना म्हणाली, "प्रेमात लोक गाणी देतात, माझ्या पोराने माझी मेंढी दिली." पण दोर तिनेच सोडला, आणि मला काल सकाळी चांगले कपडे काढून ठेवले तेही तिनेच.

काल मंगळवारी झालं सगळं. मामांनी भूमीवर ताडी ओतली, ओपोंगनेच आणलेली. त्याने पैजेवर सांगितलं की स्वतः एक घोटही घेतलेला नाही, आणि खरंच सरळ चालत होता. मामा म्हणाले, "आई, पोराने तुला झोपेत दुखवलं. पोरं दुखवतात. हे घे आणि कूस वळवून नीज." मग मेंढीचं रक्त जिथे मी खणलं होतं तिथे पडलं. तो खड्डा अजून दिसत होता, बिरागो. सात महिने झाले तरी बुजला नव्हता. त्यात मी तुझं पाकीट फाडून माती ओतली. खालची माती गडद होती आणि तुझ्याकडून आलेली कोरडी, फिकट, विमानातून फिरून आलेली. हाताने दाबली. वाटलं, घरी आली.

बाई शेजारी उकिडव्या बसून होत्या. मला हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे बांध फुटला की सगळं गाव धावतं. हे तसंच आहे, नाही का?" मी म्हटलं, तसंच. फक्त आमचा बांध दिसत नाही.

आणि मामांनी तिथल्या तिथे कोयता तुझ्या आईच्या हाती दिला. तू पाहायला हवं होतंस. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि मग जे काही गवत कापत सुटली, की आम्ही बारा जणं तिच्या मागे धावत होतो. संध्याकाळपर्यंत अर्धं शेत साफ. उरलेलं आज. पावसाचे ढग आहेत, पण अजून दोन-तीन दिवस देतील असं ओपोंग झाडावरून सांगतो.

आता खरं ते. काल सगळं आटोपल्यावर बाईंनी पिशवीतून आणखी एक लिफाफा काढून माझ्या हाती दिला. म्हणाल्या, "बिरागो म्हणाली होती, तो खरी तारीख वाचेल तरच द्या. नाही तर परत आणा."

आत सहा रिकामी पाकिटं. लेबलं तुझ्या हातची. शेत लिहिलेलं, खोली लिहिलेली, पीक लिहिलेलं. तारखेची जागा मोकळी. चिठ्ठी नाही, एक अक्षर जास्त नाही. मी पाकिटं उलटी करून पाहिली, उजेडात धरून पाहिली, आतसुद्धा वास घेतला. बाई म्हणाल्या, "तोंडी निरोप एवढाच आहे: हव्या त्या दिवशी काढ. फक्त काढशील तोच दिवस लिही."

मी मामांकडे गेलो. विचारलं, उद्या माती काढू का. ते म्हणाले, "उद्या बुधवार. मला काय विचारतोस?" आणि मग, मी दारापर्यंत पोचल्यावर, "डोम्फे. टोपी घालून जा. ओपोंगला नीट दिसू दे."

म्हणून आता इथे आहे. दहा वाजलेत, ऊन डोक्यावर चढतंय. तुझी आई पलीकडे पेरणीची भोकं पाडतेय आणि मला ओरडून सांगतेय की तिच्या ओळीत मध्ये खणू नकोस. सहाही पाकिटं भरून झाली. बंद केली. कॉलेजचं काय करायचं ते पाऊस पडल्यावर ठरवू. सरांना मी पत्र लिहिलंय, ते तुला दाखवणार नाही, कारण त्यात माफी आहे.

शेवटच्या पाकिटावर अजून शाई ओली आहे, म्हणून इथेच उतरवून ठेवतो. वाटेत पुसलं गेलं तर हे धर.

शेत: आफ्राकोमा.
खोली: एक वीत.
तारीख: १९ मार्च, बुधवार.
खणणारा: याव डोम्फे. सगळ्यांनी पाहिलं.